टॉकीज पेटीवर चालायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या आजोबांनी सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी १९६० च्या दशकात टॉकीज बांधली, ती २०१२ साली बंद झाली. घरातले म्हणतात मल्टिप्लेक्सने खाल्ली. पण गावात आजही मल्टिप्लेक्स नाही, सगळ्यात जवळचं पन्नास किलोमीटरवर. मग टॉकीज गेली कशाने? आणि केबिनमध्ये सिनेमा दाखवायची दोन मशीन (प्रोजेक्टर) नि फिल्मचे काही डबे पडून आहेत, भंगारवाला खेटे घालतोय, त्यांचं काय करायचं? टॉकीज पुन्हा सुरू करायची का?

मी १९७८ साली रिळं गुंडाळणारा पोऱ्या म्हणून केबिनमध्ये शिरलो. पुढे सरकारी परीक्षा देऊन ऑपरेटरचा परवाना घेतला, पंधरा-एक वर्षं मशीन चालवली, मग मशीनदुरुस्तीला लागलो आणि शेवटी अशाच टॉकीजच्या छपरांवर उपग्रहाच्या डिशा बसवत फिरलो. म्हणजे टॉकीजचा भरभराटीचा काळ मी आतून पाहिला आणि तिला उतरणीला लावणाऱ्या कामातही माझा हात होता. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी एक सांगतो. मल्टिप्लेक्सने शहरातली थिएटरं घायाळ केली, हे खरं. तालुक्याच्या टॉकीजचं दुखणं वेगळं होतं. तालुक्याची टॉकीज पेटीवर चालायची. पेटी म्हणजे सिनेमाची प्रिंट. दोन हजार फुटांचं एक रीळ, मशीनमधून मिनिटाला नव्वद फूट जाणार, म्हणजे वीस-बावीस मिनिटांत संपणार. अडीच तासांच्या सिनेमाची अशी सात-आठ रिळं पत्र्याच्या डब्यांत, डबे लोखंडी पेटीत, आणि पेटी एसटीच्या टपावर. एकट्याने उचलली तर कंबर धरायची. ती पेटी पुण्या-मुंबईतून निघून आपल्या गावी कधी पोचते यावर सगळं गाव टांगलेलं असायचं. तो उशीर हीच तालुक्याच्या टॉकीजची कमाई होती. हे ऐकायला उलटं वाटेल, म्हणून जरा मागून सुरू करतो.

मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे सिनेमाचे खेळ झाले, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्या भागाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं साल १९१५. त्या वर्षी गंगाधरपंत पाठकांनी पुण्याच्या मंडईजवळ आर्यन थिएटर सुरू केलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० साली इथेच लागला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. हे पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. आपल्याकडचा सिनेमा नाटकाच्या अंगणातच वाढला. इमारतींचंही तेच. पुण्यातलं लिमये नाट्यचित्रमंदिर पुढे विजय टॉकीज झालं. नावातच नाट्य आणि चित्र दोन्ही होतं. खाली तालुक्यांतही जुन्या टॉकीजमध्ये पडद्यामागे चांगली खोल रंगभूमी सापडते, कारण सिनेमाच्या पडीक आठवड्यात तिथे तमाशाचा फड किंवा नाटक कंपनी उतरायची. तुमच्या टॉकीजमध्ये पडद्यामागे जाऊन बघा. लाकडी फळ्यांचा मंच आणि कपडे बदलायच्या खोल्या असतील, तर आजोबांनी बांधताना दोन्ही धंदे डोळ्यांसमोर ठेवले होते असं समजा.

बोलपट आले १९३१ ला. पुढच्याच वर्षी 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी बोलायला लागली. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरची, १९२९ सालची. ती १९३३ ला पुण्यात आली आणि दुसऱ्याच वर्षी अप्पा बळवंत चौकात प्रभात टॉकीज उभी राहिली. 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल थिएटरमध्ये वर्षाहून जास्त चालला. तेव्हा सिनेमा लागला की मुक्काम करायचा. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे होता. एकाच पडद्यावर अडीच वर्षं! आजच्या पोरांना हा आकडा सांगितला की ती हसतात.

थोडं विषयांतर. पुण्याच्या कॅम्पातलं आजचं व्हिक्टरी म्हणजे जुनं कॅपिटॉल. गोऱ्या शिपायांचं आवडतं थिएटर. जानेवारी १९४३ मध्ये क्रांतिकारकांनी तिथे बॉम्ब ठेवला आणि काही इंग्रज सैनिक मेले. त्या इमारतीसमोरून रोज हजारो लोक जातात. किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

आता पेटीकडे येऊ. एका हिंदी सिनेमाच्या मोजक्याच प्रिंटा निघायच्या, कारण प्रिंट महाग. आमच्या शेवटच्या काळात एका प्रिंटला पन्नास-साठ हजारांच्या घरात खर्च यायचा. म्हणून ती प्रिंट पुरवून पुरवून वापरायची. आधी मुंबई, पुणे, मग कोल्हापूर, सोलापूरसारखी शहरं, मग जिल्ह्याची बाकीची गावं, मग तालुका, आणि सगळ्यात शेवटी तंबूतली फिरती टॉकीज. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नाझ सिनेमाच्या आवारात वितरकांची ऑफिसं होती. तिथे बसून हे गणित ठरायचं. धंद्याचा नकाशा मात्र इंग्रजांच्या काळातला. सर्किट म्हणजे वितरणाचा इलाखा. आपला पट्टा बॉम्बे सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये (मध्य प्रांत-वऱ्हाड) आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. संयुक्त महाराष्ट्र १९६० ला झाला, पण पेटीच्या लेखी निजामाचं राज्य नंतरही चालूच होतं. बार्शीत लागलेला सिनेमा शेजारच्या उस्मानाबादला दुसऱ्याच वितरकाकडून, दुसऱ्याच वेळी यायचा.

पेटी तालुक्याला पोचेपर्यंत सहा महिने, कधी वर्ष उलटलेलं असायचं. फिल्मवर ओरखडे, ठिकठिकाणी जोड, गाणं सुरू होता होता कापलेलं, कारण आधीच्या कुठल्या तरी ऑपरेटरने चार फूट खाल्लेले. पण तोपर्यंत रेडिओवर गाणी पाठ झालेली असत, शहरातून आलेल्या कुणी तरी पुतण्याने गोष्ट सांगितलेली असे आणि लोकांची भूक पेटलेली असे. मुख्य म्हणजे जुनी प्रिंट आम्हाला स्वस्तात मिळायची. शहरातलं थिएटर वसुलीच्या टक्केवारीवर सिनेमा लावायचं. तालुक्याला बहुतेक वेळा ठरलेलं भाडं. आठवड्याला इतके द्या, वर जमेल ते तुमचं. हजार लोक बसणारी टॉकीज, तिकीट काही रुपयांत, आणि बाजाराच्या दिवशी तीन खेळ भरले की भाडं वसूल. उरलेले दिवस नफा. आजोबांच्या वह्या असतील तर त्यात हेच दिसेल.

वह्या म्हणजे डीसीआर. रोजच्या वसुलीचा कागद. पिट (पडद्याजवळची सगळ्यात स्वस्त जागा), स्टॉल, बाल्कनी, प्रत्येक वर्गाची किती तिकिटं गेली, पहिला नंबर काय, शेवटचा काय, करमणूक कर किती, कर वजा जाता किती. शहरातल्या थिएटरात यावरच 'होल्डओव्हर' ठरायचा. आठवड्याची वसुली ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली की सिनेमा उतरवायचा हक्क मालकाला मिळतो, तो आकडा. कितीतरी मराठी सिनेमे या एका आकड्यावर मेले. मराठी निर्मात्याला वर थिएटरचं आठवड्याचं भाडं आगाऊ भरावं लागे, हिंदीवाल्याला मालक पायघड्या घाले. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'साठी दादरच्या कोहिनूरवर शिवसेनेला उतरावं लागलं ते याच भांडणातून. नंतर दादांचे सिनेमे तालुक्याच्या टॉकीजने वीस वर्षं पुन्हा पुन्हा लावले. सुगी संपली, हातात पैसा आला, नवी पेटी मिळत नाही? लावा दादा कोंडके. थिएटर भरायचं. सरकारने वर्षातून चार आठवडे मराठी लावायची सक्ती केली होती, तिच्याबद्दल मालक कुरकुर करायचे. तालुक्यात मात्र त्या सक्तीची गरजच नव्हती.

केबिनबद्दल दोन शब्द, कारण तुमची मशीन तिथे आहेत. केबिनचा जिना प्रेक्षागृहातून जात नाही, बाहेरून असतो. भिंती जाड, दार लोखंडी, आणि भिंतीतल्या ज्या झरोक्यांतून उजेड पडद्यावर जातो त्यांच्यावर पत्र्याची झडप टांगलेली. हे सगळं आगीच्या धाकाने. १९५० च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची होती. ती पेटली तर पाण्याखालीही विझत नाही. नंतर सुरक्षित फिल्म आली, पण कायदे नि इमारती तशाच राहिल्या, आणि तेच बरं झालं. दोन मशीन असतात कारण एकावरचं रीळ संपायच्या आत दुसरं सुरू करायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसायचा, आठवतो? तो आमच्यासाठी होता. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला उजेड बदलायचा. चेंजओव्हर चुकला तर पडदा पांढरा, आणि खाली शिट्ट्या. माझ्या आईचा उद्धार मी पहिल्यांदा तिथे ऐकला.

उजेड कार्बनचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, मधे ठिणगीची कमान. कांड्या जळत जातात, त्यांच्यातलं अंतर सतत हाताने राखायचं. लक्ष गेलं की पडदा पिवळा पडायचा. धुरासाठी छपरातून धुराडं. पुढे झेनॉनचा दिवा आला आणि ऑपरेटरला निवांत जेवता येऊ लागलं. आमच्या पट्ट्यात बऱ्याच टॉकीजनी कार्बन नव्वदीपर्यंत जाळला.

पेटीचा अजून एक प्रकार सांगायलाच हवा. एक पेटी, दोन थिएटरं. इथे सहाचा खेळ, तिथे पावणेसातचा. इथलं पहिलं रीळ संपलं की ते गुंडाळून सायकलवर टाकून पोरगं तिकडे पळणार, येताना काही नाही, मग दुसरं रीळ. पावसात पोरगं ओढ्यापाशी अडकलं म्हणून आम्ही एकदा इंटरव्हल चाळीस मिनिटं ताणला. त्या दिवशी भज्यांचा धंदा तिकिटांपेक्षा जास्त झाला, असं कँटीनवाला पुढे कितीतरी वर्षं सांगायचा.

पेटीच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम म्हणजे तंबू. टुरिंग टॉकीज. पावसाळा संपला की सातारा-सांगलीकडचे तंबू बाहेर पडायचे आणि जत्रांमागून जत्रा गाठायचे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची मार्गशीर्षातली यात्रा, पालीच्या खंडोबाची पौषातली, मग बाकीच्या. ट्रकच्या पाठीत मशीन बसवलेलं, ट्रकची मागची फळी म्हणजे केबिनची खिडकी, जनरेटर, भोंगा आणि मातीवर बसलेले लोक. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मधे दोरी किंवा कापड. जत्रेत एका रात्री लागोपाठ खेळ व्हायचे. पहाटे तंबूतून बाहेर पडणारी माणसं तशीच देवाच्या रांगेत लागायची. प्रिंट या मुक्कामी इतकी झिजलेली असायची, की पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटायचं. करार संपला की ती तोडून टाकायची. जुन्या फिल्मवरून चांदी काढून घेत आणि पट्टीच्या वस्तू बनवत. कितीतरी जुने सिनेमे आज सापडत नाहीत, त्याचं एक कारण हे.

हा सगळा डोलारा उशिरावर उभा होता, आणि उशीर हळूहळू संपला. पहिला धक्का व्हिडिओचा. १९८२ नंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले, गावोगावी व्हिडिओ पार्लर निघाली. मुंबईत लागलेल्या सिनेमाची कॅसेट चार दिवसांत गावात, आणि आमची पेटी सहा महिन्यांनी. त्या सहा महिन्यांत जी भूक वाढायची ती आता कॅसेटवाला भागवू लागला. १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तो खेळ तर आम्ही सोडूनच दिला. नव्वदीत केबल आली. तरी टॉकीज मेली नाही. १९९१ ला 'माहेरची साडी' आला, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या. आम्ही फक्त बायकांचे खेळ लावले, डोअरकीपर पोरं बाहेर काढली आणि दारावर बायका बसवल्या. घरात टीव्ही असूनही त्या आल्या. म्हणून 'टीव्हीने टॉकीज मारली' हे मला अर्धंच पटतं.

मल्टिप्लेक्सचं आता. राज्य सरकारने २००१ च्या सुमारास मल्टिप्लेक्सना करमणूक कर पहिली तीन वर्षं पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं बराचसा. एकपडदा थिएटर मात्र शेजारीच पूर्ण कर भरत होतं. ही गोष्ट मालकांना अजून बोचते, आणि त्यांचं चुकत नाही. पण हे पुण्याचं, मुंबईचं रडगाणं. खटावच्या किंवा कडेगावच्या टॉकीजचा त्याच्याशी थेट संबंध नाही. आणि अनेक पडदे एकाच आवारात ही कल्पना आपल्याला परकी नव्हती. सोलापुरात भागवतांच्या आवारात मल्टिप्लेक्स हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून एकाहून जास्त थिएटरं होती.

तालुक्याला खरा फटका बसला तो चांगल्या बातमीच्या वेषात. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा येऊ लागला. छपरावर डिश, केबिनमध्ये सर्व्हर नि छोटं प्रोजेक्टर. पेटी नाही, ओरखडे नाहीत, शुक्रवारी मुंबईत तेव्हाच आपल्या गावात. मी स्वतः अशी यंत्रं बसवली. पहिल्या वर्षी मालक मला जेवायला घालायचे. नवा सिनेमा, पहिला दिवस, पहिला खेळ, आणि तालुक्याचं गाव! हाऊसफुल्लचे बोर्ड कोठारातून काढून पुसले.

मग गणित फिरलं. नवा सिनेमा ठरलेल्या भाड्यावर मिळत नाही, टक्केवारीवर मिळतो. शिवाय खेळामागे यंत्राचं भाडं. पूर्वी इंटरव्हलला गावातल्या कापडदुकानाची, सराफाची काचेची स्लाइड दाखवायचो, तिचे पैसे मालकाचे. नव्या करारांत जाहिरातींचा हक्क बहुतेक वेळा यंत्र देणाऱ्याकडे गेला. आणि सिनेमा सगळीकडे एकाच दिवशी लागल्याने तो सगळीकडे एकाच आठवड्यात शिळाही झाला. पूर्वी चाळीस गावं एक पेटी वर्षभर पुरवून खायची. आता सगळ्या पंगती एकदम उठायला लागल्या. तीन दिवस गर्दी, सोमवारपासून रिकाम्या खुर्च्या, आणि दोन महिन्यांत तोच सिनेमा टीव्हीवर. वर्षाला बावन्न आठवडे भरायचे तर तितके चालणारे सिनेमे हवेत. ते कुठून येणार? जुन्या पेट्या होत्या तेव्हा एखादा आठवडा रिकामा गेला तर तीन वर्षांपूर्वीचा अमिताभ लावता यायचा. २०१३-१४ पर्यंत नव्या प्रिंटा निघणंच थांबलं, आणि मशीन असूनही लावायला काही उरलं नाही. तुमची टॉकीज २०१२ ला बंद झाली म्हणता. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. त्या दोन-तीन वर्षांत मी ज्या रस्त्याने डिशा बसवत गेलो, त्याच रस्त्याने त्या काढायलाही गेलो.

दुसरं कारण पायाखालचं, जमिनीचं. टॉकीज साधारण एसटी स्टँडजवळ किंवा बाजारपेठेत असते. बांधली तेव्हा ती गावाबाहेर होती, आता गावाच्या मधोमध आहे. पाऊण-एक एकर, त्यातला बराचसा सायकली लावायला. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या की पडद्याचे तुकडे करता येत नाहीत, जमिनीचे येतात. बऱ्याच ठिकाणी चालवणारा एक आणि जागेचा मालक दुसरा. प्रभात टॉकीजचंच बघा. ती दामले कुटुंबाने ऐंशी वर्षं चालवली, पण जागा किब्यांची. २०१४ च्या अखेरीस ती किब्यांकडे परत गेली आणि पुढे किबे लक्ष्मी नावाने सुरू झाली. मुंबईत लालबागचं भारतमाता थिएटर गिरणीच्या जमिनीवर, म्हणून तिथल्या मराठी सिनेमाचं भवितव्य गिरणीच्या जमिनीच्या कज्जात अडकलं. मंडईतलं आर्यन १९८० च्या दशकातच गेलं. आज तिथे महापालिकेचं वाहनतळ आहे, त्याचंही नाव आर्यन.

मग 'सैराट'चं काय, असं कुणीतरी म्हणेलच. २०१६ साली रहिमतपूरला मध्यरात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला होता. खरं आहे. लोक आजही येतात. 'बाईपण भारी देवा'लाही बायका गटागटाने आल्या. पण असा सिनेमा दोन-तीन वर्षांतून एकदा येतो. मधल्या काळात वीजबिल, डोअरकीपरचा पगार, अग्निशमनाचा दाखला, विद्युत निरीक्षकाचा दाखला, परवान्याचं नूतनीकरण हे दरवर्षी येतं. मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरचा दाखला देऊ नका. समोर मुंबई सेंट्रल स्टेशन, बाजूला एसटीचा डेपो, दुपारी तीन तास बसायला सावली हवी असलेली माणसं तिथे रोज शेकड्याने असतात. १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तिथे चालतो त्याला शाहरुख जेवढा कारण, तेवढीच ती जागा कारण आहे. तुमच्या गावच्या स्टँडवर शेवटची गाडी किती वाजता सुटते? रात्रीचा खेळ त्यावरच जगायचा किंवा मरायचा.

कोविडात मार्च २०२० पासून नोव्हेंबरपर्यंत पडदे बंद, मग अर्ध्या खुर्च्या, मग एप्रिल २०२१ ते ऑक्टोबर पुन्हा बंद. जी टॉकीज तग धरून होती तीही यात बसली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी पाहिलंय. जीएसटीत शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर आधी अठरा टक्के होते, २०१९ पासून बारा, आणि सप्टेंबर २०२५ पासून पाच. दिलासा आहे, पण बंद पडलेल्या टॉकीजला त्याचा काय उपयोग?

पुन्हा सुरू करायची का? विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. हजार खुर्च्यांची टॉकीज जशीच्या तशी सुरू करू नका. अडीचशे खुर्च्यांचा एक पडदा, बाकीच्या जागेत दुकानं किंवा कार्यालय, असं केलेल्या दोन-तीन जागा माझ्या माहितीत आहेत आणि त्या पोट भरतात, इतकंच. पाडायची झाली तर आधी नगरपालिकेत जाऊन आरक्षण नि बांधकामाचे नियम बघा. बऱ्याच ठिकाणी थिएटरच्या जागेवर नव्या इमारतीत काही खुर्च्यांचं थिएटर ठेवायची अट असते. बिल्डर हे शेवटी सांगतो.

आता डबे आणि मशीन. डबे घरात आणू नका. आधी केबिनची दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या, मग एक एक डबा सावकाश उघडा. शिरक्याचा आंबट वास आला तर ती साधी ॲसिटेटची फिल्म आहे आणि कुजायला लागली आहे. नायट्रेटसारखी भडकणार नाही, पण शेजारच्या चांगल्या रिळांनाही बिघडवेल, म्हणून वेगळी ठेवा. काठावर इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं दिसलं तर काळजी नाही. रीळ चिकट झालंय, तपकिरी पूड पडतेय किंवा काठावर 'नायट्रेट' आहे, असं असेल तर डबा बंद करा, उन्हापासून लांब ठेवा, जवळ विडी ओढू देऊ नका आणि भंगारात मुळीच देऊ नका. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं, आता एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) छत्राखाली. त्यांना आधी कळवा आणि ते सांगतील तसं करा. त्यांना रिळांसोबत पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका, काचेच्या स्लाइडही हव्या असतात. रिळं तुमच्या कपाटात असली तरी सिनेमा तुमचा नाही, म्हणून कुठे दाखवायच्या भानगडीत पडू नका.

डीसीआरच्या वह्या मात्र कुणाला देण्याआधी पानन् पान फोटो काढून ठेवा. कुठल्या आठवड्यात कुठला सिनेमा, पिटात किती माणसं, कुठल्या दिवशी पावसाने खेळ रद्द, हे दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही. आजोबांनी दुष्काळाच्या १९७२ सालात काय लावलं आणि किती तिकिटं गेली, ते मला स्वतःला बघायचंय.

मशीन भंगारात गेलं तर किलोवर जाईल, आणि ते फार कमी होईल. आधी ते जिवंत आहे का बघा. जिथे फिल्म गेटमधून, म्हणजे दिव्यासमोरच्या खाचेतून, खाली उतरते, तिथे एक बंद गोल डबी असते. तिच्यात इंटरमिटंट असतो. फिल्मला एका सेकंदात चोवीस वेळा ओढायचं नि थांबवायचं, ते काम त्याचं. त्या डबीत तेल असावं लागतं. आधी जुनं काळं तेल काढा, पातळ मशीनतेल भरा, एक रात्र जाऊ द्या. मोटर लावू नका. हाताने चाक सावकाश फिरवा आणि खालच्या दातेरी चक्राकडे बघा. ते सलग न फिरता टक, टक, टक असं थांबत थांबत पुढे सरकलं, तर मशीन ठीक आहे. अडकलं तर जोर लावू नका, मला कळवा. मी रविवारी मोकळा असतो.